बंधाऱ्याच्या आधी पायऱ्या मोजा

आमच्या गावात (दापोली तालुका, नाव लिहीत नाही, वाचून चार जण फोन करतील) वाडीतून समुद्रावर उतरायला जांभ्याच्या अकरा पायऱ्या आहेत. लहानपणी मे महिन्यात गेलो की त्यातल्या वरच्या चारच दिसायच्या, बाकी सगळ्या वाळूखाली. गणपतीला गेलो की नऊ दिसायच्या, एखाद्या वर्षी दहासुद्धा, आणि खालच्या पायऱ्यांना शेवाळ धरलेलं असायचं. आजीला विचारलं तर म्हणायची, पुळण (किनाऱ्यावरची वाळू) गेलीय फिरायला, दिवाळी झाली की येईल परत. आणि यायची. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही, पाऊस येतो जातो तशी पुळण येते जाते, एवढंच. त्याच वर्षांत ठाण्याच्या शाळेत मी पाठ करत होतो की न्यूफाउंडलंडजवळ लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचा उष्ण प्रवाह एकमेकांना भेटतात म्हणून तिथे दाट धुकं पडतं आणि मासे भरपूर मिळतात. मार्क पैकीच्या पैकी. स्वतःच्या पायऱ्यांवरची वाळू कुठे जाते हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमधे गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडलेली, एक झाड आडवं, आणि खाली मेसेज, समुद्र गाव गिळतोय, सगळ्यांनी एकत्र या. मग बैठक झाली, मीही गेलो होतो. धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर होतोय, काळा दगड टाकणार, वाडीच्या पुढ्यातून देवळापर्यंत. मी एकच प्रश्न विचारला की पुळण नेमकी किती गेलीय आणि कधीपासून? एक जण म्हणाला पन्नास फूट, दुसरा म्हणाला पूर्वी तिथे आम्ही क्रिकेट खेळायचो आता पाणी असतं, तिसऱ्याने नारळाचं झाड दाखवलं. एस्टिमेटच्या कागदावर बंधाऱ्याची लांबी होती, उंची होती, दगडाचा दर होता. वाळूचं मोजमाप एकही नव्हतं. सरपंच म्हणाले, भाऊ, आता नको म्हटलंत तर हे काम शेजारच्या गावाला जाईल, मग? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हा लेख त्या "मग?" वर आहे.

माझं म्हणणं असं की महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे असं आपण भाषणात अभिमानाने सांगतो पण समुद्र चालतो कसा याची अगदी पहिल्या इयत्तेची समज आपल्या सार्वजनिक आयुष्यात नाही, आणि ती नसल्याची किंमत आपण दरवर्षी मोजतो, कधी दगडाच्या बिलात, कधी मुंबईच्या तुंबलेल्या पाण्यात, कधी बुडालेल्या पोरांच्या रूपात. पुस्तकात नाही असं मी म्हणत नाही. सातवीला भरती-ओहोटी आहे, आठवीला सागरतळरचना आणि सागरी प्रवाह आहेत, आणि पुस्तकं खरं तर बरी आहेत. पण जो समुद्र आपण शिकतो तो जगाच्या नकाशावरचा, लाल आणि निळ्या बाणांचा, आणि त्याचा आपल्या पायाखालच्या वाळूशी कुणी सांधा जोडून देत नाही. दहावीला भूगोल ४० मार्कांचा. २०२० साली कोरोनामुळे त्या भूगोलाचाच पेपर रद्द झाला, बाकी पेपरांवरून सरासरी काढून मार्क दिले, सगळे खूश. त्याच वर्षी जूनमधे निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. योगायोग आहे, मान्य, पण विसरता येत नाही.

बाणांचंच बघा ना. अटलांटिकमधले, पॅसिफिकमधले मोठे प्रवाह बाराही महिने साधारण एकाच दिशेने वाहतात त्यामुळे त्यांचे बाण काढणं सोपं. आपला उत्तर हिंदी महासागर तसा नाही. त्याच्या डोक्यावर आशिया खंड बसलंय, उन्हाळ्यात जमीन तापते, वारे नैऋत्येकडून येतात, हिवाळ्यात ते उलटे होतात, आणि वाऱ्याबरोबर पाण्याचे प्रवाहही दिशा बदलतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे जातो आणि थंडीत उत्तरेकडे. म्हणजे आपल्या दारातला बाण वर्षातून दोनदा उलटा काढावा लागतो. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे आपल्याच समुद्रात होतं, हजारो वर्षं अरबस्तानातली आणि आफ्रिकेतली गलबतं याच वाऱ्याच्या हिशोबाने आपल्या बंदरांत यायची-जायची, आणि आपण मुलांना शिकवतो काय तर न्यूफाउंडलंडचं धुकं. न्यूफाउंडलंडशी माझं भांडण नाही. पण केरळपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्याला पावसाळ्यात खालचं गार, खताने भरलेलं पाणी वर येतं आणि त्यावर तारली-बांगड्याची पोटं भरतात, हे आधी सांगा की, मग बाकीचं. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद का असते हेही त्यातच थोडं कळेल, ते फक्त "माशांचा प्रजननकाळ" एवढ्या एका ओळीत संपवू नका.

आता भरती. यात मात्र मला थोडं रमायचं आहे कारण इथे आपल्या लोकांकडे जे आहे ते खरोखर भारी आहे.

कोकणात जुन्या माणसांना भरतीची वेळ विचारली तर ते मोबाइल बघत नाहीत, तिथी विचारतात. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पाणी पूर्ण वर. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पुनवेला-अवसेला सव्वाअकरा-बाराच्या घरात. त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. वीसेक मिनिटं, कधी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं पण होडी काढायला किंवा शिंपल्या काढायला जायला एवढं पुरतं. मला हे माझ्या आत्याच्या सासऱ्यांनी शिकवलं, ते चौथी पास होते, आणि बरीच वर्षं मी याला ठोकताळा समजत होतो. मग एकदा कागद घेऊन बसलो. तिथी म्हणजे काय, तर चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी. पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते. म्हणजे पुढे गेलेल्या चंद्राखाली परत यायला आपल्याला रोज १२ अंश जास्त फिरावं लागतं, त्याला लागतात ४८ मिनिटं. आणि पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांचा फरक! तोंडी हिशोबाला याहून जास्त काय पाहिजे. एवढी सुंदर गोष्ट घरात टांगलेल्या कालनिर्णयात रोज छापून येते, आणि आपण ते कॅलेंडर फक्त संकष्टीचा चंद्रोदय बघायला वापरतो.

पुनवेला आणि अवसेला सूर्य-चंद्र-पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र लागते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात, सूर्य चंद्राचं काम थोडं खाऊन टाकतो (सूर्याची भरती ओढायची ताकद चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी), तो भांग. उधाण आणि भांग, दोन सरळ मराठी शब्द. पुस्तकात मात्र "उधाणाची भरती-ओहोटी" आणि "भांगाची भरती-ओहोटी" अशी टीप लिहायला येते, आणि पोरांना वाटतं हे कुठलेतरी संस्कृत शब्द आहेत. अरे बाबा, अलिबागच्या जेट्टीवर उभा राहा आणि कुणालाही विचार.

उंचीचंही तसंच. मुंबईला उधाणात पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. गोव्यात दोन मीटरच्या आसपास. वर भावनगरला मात्र दहा मीटरच्या पुढे जातं. चंद्र तर तिघांना सारखाच, मग फरक का? कारण तळ. मुंबईसमोर खंडाचा उथळ कट्टा समुद्रात तीनेकशे किलोमीटर आत गेलेला आहे, खाली दक्षिणेला तो अरुंद होत जातो, आणि खंभातचं आखात म्हणजे नरसाळं, पाणी आत शिरतं आणि जागा मिळत नाही म्हणून वर चढतं. तो कट्टा किती उथळ आहे याचा अंदाज हवा असेल तर बॉम्बे हायचं तेलक्षेत्र घ्या. मुंबईपासून जवळपास १६० किलोमीटर आत, जिथून जमीन दिसायचा प्रश्नच नाही, आणि पाण्याची खोली ७५ मीटर. म्हणजे पंचवीस मजली बिल्डिंग तिथे उभी केली तर गच्ची पाण्याच्या वर येईल. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लाटेच्या वेळी लागणार आहे.

आता हे सगळं माहीत असून काय फरक पडतो, असं विचारणारे असतात. त्यांच्यासाठी दोन तारखा.

२६ जुलै २००५. पौर्णिमा २१ ला होऊन गेलेली. पाच दिवस झाले, पाच पाऊण पावणेचार. त्या दिवशीची भरती दुपारी ३ वाजून ५० मिनिटांची होती, ४.४८ मीटरची. आणि पाऊस अडीचच्या पुढे कोसळायला लागला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. मुंबईची पावसाळी गटारं समुद्रात जिथे उघडतात त्यातली बरीचशी तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, समुद्र वर असताना पाणी बाहेर जाईल कसं, ते तर आत येणार. म्हणून तर नंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी पंपिंग स्टेशन्स उभी करावी लागली. ९४४ मिलिमीटर पाऊस कुठलंही शहर तुंबवणारच, मी असं म्हणत नाही की भरती नसती तर सगळे घरी जेवायला पोचले असते. पण पाऊस आणि भरती यांची वेळ जुळली, आणि त्यातली एक वेळ आधी माहीत होती. बोटावर मोजण्याइतकी माहीत होती. आजही मुंबईत साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा पावसाळ्याआधी पेपरात येतात, पण किती जण त्या बघून ऑफिसातून निघायची वेळ ठरवतात?

दुसरी तारीख ३ जून २०२०, निसर्ग. शुद्ध बारस-तेरस. भरती सकाळी दहाच्या आसपास होऊन गेली आणि वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं, म्हणजे पाणी उतरत असताना. वादळाचा वारा समुद्राला वर ढकलतो, तो फुगवटा भरतीच्या पाण्यावर चढून बसला असता तर? श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या वाऱ्याने आडव्या केल्या, ते नुकसान अजून भरून आलेलं नाही. पण पाण्याच्या बाबतीत चार तासांनी वाचलो आपण. हे चार तास कुणाच्या नियोजनात नव्हते, सुकतीने दिले. आणि आपण त्याची साधी नोंदसुद्धा घेतली नाही, कारण नोंद घ्यायला आधी ते कळायला हवं.

समुद्राची पातळी वाढतेय याबद्दल पोस्टर भरपूर असतात, मुंबई बुडणार वगैरे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जगाची सरासरी पातळी साधारण २० सेंटिमीटरने वाढलीय. लोक म्हणतात, हात्तिच्या, वीतभर, रोजची भरती तर चार मीटर वर-खाली होते. ज्याला उधाण कळलंय तो असं म्हणणार नाही, कारण ती वीत सुकतीला कुणाला टोचत नाही, ती उधाणाच्या माथ्यावर बसते, आणि गटाराचं तोंड, मिठागराचा बांध, भातखाचराचा बांध हे सगळे वीतभराच्याच हिशोबात बांधलेले असतात. एवढं बोलून तो विषय सोडतो.

परत पायऱ्यांकडे.

लाट म्हणजे पाणी पुढे येतं असं आपल्याला वाटतं. खोल समुद्रात ते येत नाही. पाण्याचा थेंब गोल फिरून जवळपास तिथेच परत येतो, पुढे जातो तो फक्त आकार, जसा दोरीला हिसका दिला की हिसका पुढे जातो, दोरी हातातच राहते. हे गोल फिरणं खाली खाली कमी होत जातं आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीला जवळपास संपतं. दोन लाटांत दहा सेकंदांचं अंतर असेल तर खोल पाण्यात त्या लाटेची लांबी साधारण १५६ मीटर. निम्मे ७८. आणि बॉम्बे हायची खोली ७५! म्हणजे पावसाळ्यातली दहा सेकंदांची लाट तिथे, दीडशे किलोमीटर लांबच, तळाला पाय टेकायला लागते. तिथून किनाऱ्यापर्यंत ती तळ चाचपत येते, मंद होते, उंच होते, आणि शेवटी पाय अडखळून तोंडावर पडते, ते लाट फुटणं. फुटल्यावर मात्र पाणी खरंच पुढे येतं, आणि परतही जातं.

पावसाळ्यात लाटा उंच असतात, एकीवर एक येतात, किनारा आधीच चिंब, पाणी मुरायला वाव नाही, त्यामुळे परत जाणारं पाणी वाळू ओढून नेतं. पण ही वाळू अरबस्तानात जात नाही. ती थोडीशीच आत, लाटा फुटतात त्या ठिकाणी, पाण्याखाली आडवा उंचवटा करून बसते. आणि तो उंचवटा तयार झाला की पुढच्या मोठ्या लाटा तिथेच, वाडीपासून लांब, फुटतात. म्हणजे पुळण घर सोडून जाते ती घर राखायला. ऑक्टोबरनंतर समुद्र शांत झाला की लांब, बुटक्या लाटा तीच वाळू थोडी थोडी करून वर आणून टाकतात. वर तिला मर्यादवेल धरून ठेवते, केवडा धरतो, वाऱ्याने टेकडी होते, आणि पुढच्या पावसाळ्यासाठी गल्ला भरतो. आजी म्हणायची फिरायला गेलीय, ते शब्दशः खरं होतं.

आता यात दगड आणून टाका. लाट वाळूच्या उतारावर चढते तेव्हा तिची ताकद घासत, मुरत संपते. दगडाच्या भिंतीवर आपटली की ती ताकद परत फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू खणून काढते. भिंतीच्या मागे अडकलेली टेकडीची वाळू समुद्राला मिळत नाही, म्हणजे गल्ल्याला कुलूप. पायथा खोल गेला की आणखी मोठी लाट भिंतीपर्यंत पोचते, दगड बसतात, सरकतात, मग चार-पाच वर्षांनी दुरुस्तीचं टेंडर. आणि भिंत जिथे संपते तिथे पुढच्या वाडीची वाळू जास्त जोरात जाते, मग त्या वाडीत बैठक, फोटो, समुद्र गाव गिळतोय, आणि बंधारा पुढे सरकतो. सरपंच जे म्हणाले होते की आपण नको म्हटलं तर काम शेजारच्या गावाला जाईल, ते खरंय, पण काम शेजाऱ्याला गेलं तरी धूप आपल्याला मिळते आणि आपल्याला मिळालं तर शेजाऱ्याला. दोन्हीकडून ठेकेदार सोडून कुणाचा फायदा ते मला अजून कळलेलं नाही.

आणखी एक गोष्ट, फोटो नेहमी जुलै-ऑगस्टचेच का असतात? कारण तेव्हाच पुळण सगळ्यात कमी असते. जानेवारीत कुणी फोटो काढून टाकत नाही की बघा, वाळू परत आली. आषाढात गल्ला रिकामा बघून बोंब मारायची आणि माघात भरलेला बघायला यायचंच नाही, अशा हिशोबावर कोटींची कामं मंजूर होतात. कुठे खरंच कायमची धूप आहे आणि कुठे नुसतं ऋतूचं येणं-जाणं, हे ठरवायला निदान एक पूर्ण वर्ष मोजायला लागतं. दोन-तीन वर्षं मोजलं तर उत्तम.

माझ्या या बोलण्यावर त्या बैठकीत अण्णा (वाडीतले, नात्याने काका) जे बोलले ते लिहितो कारण ते चुकीचं नव्हतं. म्हणाले, "तू पुण्यात बसतोस, तुला बोलायला काय जातंय, रात्री लाट ओसरीला लागते तेव्हा मी माझ्या म्हातारीला घेऊन बसतो, तुझी पुळण दिवाळीत येईल तोपर्यंत ओसरी राहील का?" बरोबर आहे. मालवणजवळचं देवबाग घ्या, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि त्यावर माणसांची घरं. तिथल्या माणसाला वर्षभर काठी रोवून मोजत बसा असं सांगायला मी जाणार नाही. काही ठिकाणी दगड टाकायलाच लागतो. पण टाकताना सांगा की आपण घर वाचवतोय आणि त्याच्या बदल्यात पुळण देतोय. पुळण गेली की होड्या ओढायला, मासे सुकवायला, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) लावायला जागा जाते, कासवांची अंडी घालायची जागा जाते (वेळास-आंजर्ल्याचा कासव महोत्सव वाळू आहे म्हणून आहे), आणि ज्या बीचच्या नावावर होम-स्टे चालतात तो बीच जातो. हा सौदा कुणी उघड मांडत नाही, सगळे "किनारा संरक्षण" म्हणतात. संरक्षण होतं ते जमिनीचं. किनाऱ्याचं नाही.

आणि धूप होते ती नुसती समुद्राच्या रागामुळे नाही. किनाऱ्याची वाळू येते नद्यांतून, खाड्यांतून. खाडीतून ड्रेझर लावून वाळू उपसली, वर धरणं घातली, तर खालच्या पुळणीला पुरवठा कुठून होणार? खाडीत रात्रभर वाळू काढणारा आणि सकाळी बंधाऱ्याच्या अर्जावर सही करणारा एकच माणूस असतो, हे मी पाहिलंय. त्याला दोष देऊन उपयोग नाही, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही.

कुणी म्हणेल की कोळ्यांना सगळं माहीत आहे, त्यांना कशाला शिकवता. त्यांना भरतीची वेळ, वाऱ्याची चाहूल माझ्याहून शंभरपट कळते. पण पाऊणचा हिशोब चक्रीवादळाचा फुगवटा सांगत नाही, आणि दक्षिण महासागरातल्या वादळाने उठलेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या स्वच्छ उन्हातल्या किनाऱ्यावर येऊन आदळतात तेव्हाही सांगत नाही. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात, चोर समुद्र. त्याचा इशारा हैदराबादची इन्कॉइस संस्था देते (समुद्राची खबर समुद्रापासून एवढ्या लांबून, पण देते आणि चांगली देते). गोव्याला दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, आपल्या मराठी पोरांपासून हाकेच्या अंतरावर. ज्ञान दोन्हीकडे आहे, तिथीवाल्या आजोबांकडे आणि उपग्रहवाल्यांकडे. मधला माणूस, म्हणजे सरपंच, तलाठी, ज्युनियर इंजिनियर, होम-स्टेवाला, पिकनिकचा मास्तर, कोरा आहे. त्या मधल्या माणसालाच शाळेने तयार करायचं असतं ना?

पिकनिकवरून आठवलं. दर उन्हाळ्यात, दर पावसाळ्याच्या तोंडाला घाटावरची मुलं कोकणात येतात आणि बुडतात. २०१६ च्या फेब्रुवारीत रायगडातल्या मुरूडला पुण्याहून आलेली डझनभराहून जास्त कॉलेजची मुलं एका दुपारी गेली. दरवेळी आपण म्हणतो की पोरं ऐकत नाहीत, दारू पितात, सेल्फी काढतात. काही पितात, काढतात. पण कितीतरी जण शहाणी असतात आणि शहाणपणानेच फसतात. पाण्याखालच्या त्या उंचवट्यावर लाटा फुटत असतात, किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि उंचवट्यातल्या फटीतून जोरात आत जातं. ती ओढ, इंग्रजीत रिप करंट. गंमत, म्हणजे गंमत नाही, अशी की त्या फटीत पाणी खोल असल्यामुळे तिथे लाटा फुटत नाहीत, वरून तो पट्टा शांत दिसतो. दोन्ही बाजूंना फेस आणि मधे शांत पाणी. शहाणा मुलगा शांत जागा बघून उतरतो. ओढ लागली की सरळ किनाऱ्याकडे पोहत सुटतो, दमतो, संपतो. किनाऱ्याला समांतर पोहलं तर ती ओढ बहुतेक वेळा थोड्याच अंतरात सुटते. हे दोन मिनिटांत शिकवता येतं. पाटीवर "समुद्रात उतरू नये, हुकुमावरून" एवढं लिहून नाही होत ते.

मला काय हवंय ते सांगतो, फार मोठं नाही. किनाऱ्यावरच्या हायस्कुलांनी आपल्या पुळणीवर एक पक्की खूण ठरवावी, देवळाचा कट्टा, धक्क्याचा खांब, काहीही, आणि दर पुनवेला-अवसेला सुकतीच्या वेळी तिथून वाळू किती खाली आहे ते मुलांनी मोजून वहीत लिहावं. टेप आणि वही, बस. वेळ कधीची ते तिथीवरून मुलांनीच काढावं, मग ते पाऊण कुठून आलं ते गणिताच्या मास्तरांनी सांगावं. आणि बंधाऱ्याच्या प्रस्तावाला निदान बारा महिन्यांची अशी नोंद जोडल्याशिवाय पैसे सुटू नयेत, जिथे घराला पाणी लागलंय तेवढी ठिकाणं सोडून. १९९१ पासून आपला किनाऱ्यावरचा बांधकामाचा कायदा, सीआरझेड, भरतीरेषेपासून मोजतो, किती मीटरवर काय बांधायचं ते सगळं त्या रेषेवर. ती रेषा म्हणजे उधाणाचं पाणी जिथपर्यंत चढतं ती. ज्या रेषेवर एवढे खटले, एवढे प्लॉटचे व्यवहार चालतात ती रेषा म्हणजे काय हे गावातल्या दहावीच्या मुलाला दाखवता येऊ नये? घाटावरच्या शाळांना हे लागू नाही असं वाटत असेल तर पिकनिकची बस कुठे जाते ते बघा.

आमच्याकडे शेवटी बंधारा झाला. वाडीच्या पुढ्यातून नाही, देवळाच्या बाजूने सुरू झाला आणि निधी संपला म्हणून पायऱ्यांच्या वीसेक पावलं अलीकडे थांबला. अण्णांच्या ओसरीपर्यंत तो आलाच नाही. या मे महिन्यात गेलो होतो तेव्हा पायऱ्या मोजल्या. आठ. मे महिन्यात आठ मी कधी बघितल्या नव्हत्या. एका वर्षाच्या, एका जागेच्या आकड्यावरून बंधाऱ्यामुळेच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पाऊस लांबला होता, खाडीतला उपसाही चालू आहे. पण आता वहीत पहिली नोंद तरी आहे. पुढची नोंद अण्णांची नात करणार आहे, आठवीत आहे, तिला तिथीचा हिशोब शिकवला तर तिने पहिल्यांदा विचारलं, मग काका, अधिक महिन्यात काय करायचं?